पाठीला पाठ

धोंडबा रामटेकेच्या घराला गेट आहे, गेटवर नावाची पाटी आहे आणि पाटीखाली घंटीचं बटण आहे. ते बटण दाबणारं कोणी येत नाही. धोंडबाही पुढच्या खोलीत बसत नाही. तो बसतो मागे, स्वयंपाकघराच्या दाराबाहेरच्या पायरीवर. घर बांधलं तेव्हा पुढच्या पडवीचं काम त्यानं ठेकेदाराच्या माणसांवर सोडलं होतं. मागची पायरी मात्र स्वतः बांधली. रुंद, बाहेरच्या अंगाला किंचित उतार दिलेली, दोन बायांना मांडीवर ताट घेऊन भाजी निवडत शेजारी शेजारी बसता येईल एवढी.

असं कोण बांधतं? टाउनशिपच्या क्वार्टरात जन्म काढलेला माणूस बांधतो.

भिलाईच्या सेक्टरांमध्ये क्वार्टरांच्या ओळी एकमेकींकडे पाठ करून उभ्या आहेत. मधून गल्ली जाते. पुढचं दार पाहुण्यांचं आणि पोस्टमनचं. बाकीचा संसार मागच्या दारानं चालतो. वाटीभर साखर तिकडूनच जाते, वाटीत काहीतरी पडून ती तिकडूनच परत येते. पोरं तिकडूनच पळतात. कोणाच्या घरी भांडण झालं तर बाया मागच्या दारातूनच आत शिरतात, विचारत नाहीत. पुढच्या खोलीत नाव विचारतात, मग आडनाव विचारतात, आणि आडनाव कळलं की काही घरांत चहाचा कप बदलतो. मागच्या अंगणात कोणी काही विचारत नाही. तिथे धोंडबा रामटेके नुसता धोंडबाभाऊ होता आणि त्याची बायको शालू ही नुसती शालू.

त्यांच्या पाठीमागच्या क्वार्टरात नरहरी वैरागडे राहत. ते पोलादाच्या प्लांटच्या टाइम ऑफिसात बाबू. गेटवर कोण कधी आत आला, कोण उशिरा आला, कोणाची हजेरी कापायची, हे त्यांचं काम. धोंडबा फायर ब्रिकचा मिस्त्री. वितळलेलं पोलाद जिच्यातून नेतात ती लॅडल म्हणजे एका खोलीएवढी लोखंडी बादली. तिला आतून भट्टीच्या विटांचं अस्तर लागतं. ते झिजलं की काढायचं आणि नवं बसवायचं. लॅडल पुरती थंड व्हायची वाट पाहायला वेळ नसे. लाकडी तळाचे बूट घालून आत उतरायचं, वीट घासून बसवायची, बाहेर यायचं, पाणी प्यायचं, पुन्हा उतरायचं. या कामात दोनच प्रकारची माणसं असतात, असं धोंडबा म्हणे. एक काम करणारी आणि एक काम लांबवणारी. लांबवणाऱ्याशी तो बोलत नसे. ओव्हरटाइमसाठी विटा कुरवाळत बसणाऱ्या एकाला त्यानं एकदा सगळ्यांदेखत विचारलं होतं, की बापा, वीट बसवून राहिला का पोराला निजवून राहिला? तो माणूस पुढे दुसऱ्या टोळीत बदली मागून गेला.

नरहरीला माणसांची नावं लक्षात राहत नसत, टोकन नंबर राहत. धोंडबाचा नंबर बेचाळीस सतरा. मागच्या गल्लीत समोर आला की नरहरी तोच पुकारी. धोंडबा म्हणे, “हजर, बाबू.” मग दोघं आपापल्या पायरीवर बसत. हा खेळ नोकरीभर चालला आणि त्याचा कंटाळा दोघांनाही आला नाही.

रिटायरमेंट जवळ आली तेव्हा क्वार्टर सोडणं आलं. प्लांटच्या काही लोकांनी सोसायटी करून बोरसीच्या अंगाला जमीन घेतली होती. आखलेली कॉलनी. सिमेंटचे रस्ते, बगीचा, सभागृहाची जागा, आणि प्लॉटांच्या दर दोन ओळींच्या मध्ये दहा फुटांची गल्ली, गटाराचे चेंबर ठेवायला. नकाशा नरहरीच्या मागच्या अंगणात चटईवर पसरला. चार कोपऱ्यांवर चार पेले ठेवले. ज्याला त्याला कोपऱ्याचा प्लॉट पाहिजे होता, नाहीतर पूर्वेच्या तोंडाचा, नाहीतर बगीच्यासमोरचा. धोंडबा आणि नरहरीनं शेजारी शेजारी घ्यायचं ठरवलं होतं. नरहरीची बायको सुशीला चहा घेऊन आली, नकाशावर वाकली आणि म्हणाली, “बाजूले बाजू घेऊन काय करता? बाजूले तर भिंत असते. पाठीले पाठ घ्या.”

शालूनं मान हलवली. झालं. पुरुषांना पुढे बोलायला जागा उरली नाही.

त्यांनी पाठीला पाठ लागलेले दोन प्लॉट घेतले. पत्ता पाहिला तर दोघं दोन वेगळ्या रस्त्यांवरचे. पुढच्या दारानं जायचं तर धोंडबाला आपला रस्ता संपवून, बगीच्याला वळसा घालून, नरहरीचा रस्ता पुन्हा अर्धा चालावा लागे. मागच्या दारानं चूळ भरून टाकली तर पलीकडे पडेल एवढं अंतर.

कॉलनी वसली. पण ती टाउनशिप नव्हती. लोकांनी मागच्या बाजूनं उंच भिंती घातल्या, भिंतींवर काचा रोवल्या. मागे दार ठेवलं नाही. गल्लीत एसीची यंत्रं लटकली, फुटक्या कुंड्या आल्या, कोणाच्या बांधकामाची उरलेली रेती आली. त्या अख्ख्या गल्लीत दोनच दारं उघडत. धोंडबा तेवढा तुकडा रोज झाडायचा. सुशीला आणि शालू काही वर्षं त्या पायऱ्यांवर बसल्या. मग सुशीला गेली. दीड-दोन हिवाळ्यांनी शालूही गेली.

शालूच्या मागे धोंडबाचं बोलणं कमी झालं असं म्हणता येणार नाही, ते आधीही कमीच होतं. आता ते ऐकायला कोणी उरलं नाही, एवढंच. मुलगा अतुल पुण्यात. रविवारी फोन येई. सून खुशबू चांगली, नात हिंदीत बोले आणि लगेच फोन बापाकडे देई. तिकडे या, असं अतुल म्हणे. धोंडबा एकदा जाऊन आला. नवव्या मजल्यावर मागचं दारच नव्हतं. पौर्णिमेला तो सेक्टरमधल्या विहारात जाई, वंदना करी, ओळखीच्या चार माणसांना जयभीम घाली आणि ऑटोनं परत येई. आल्यावर घरात पाऊल टाकलं की आपल्याच चपलांचा आवाज त्याला मोठा वाटे.

नरहरीला लकवा मारला तो यानंतर. उजवी बाजू गेली आणि वाचाही बरीचशी गेली. मुलाचं नाव त्याच्या तोंडात येईना. मुलगा हर्षल, नेहरू नगरात कोचिंग क्लास चालवणारा, बापासमोर बसून आपलं नाव पुन्हा पुन्हा सांगे आणि नरहरी कपाळाला आठ्या घालून त्याच्याकडे पाही. धोंडबा हॉस्पिटलातून आलेल्या नरहरीला भेटायला मागच्या दारानं आत आला, तेव्हा नरहरीनं डावा हात वर केला आणि अडखळत, पण बरोबर म्हणाला, “बेचाळीस... सतरा.”

हर्षलला वाटलं बाबा बरळतात. धोंडबानं “हजर, बाबू” म्हटलं आणि तोंड फिरवून खिडकीबाहेर पाहिलं.

त्यानंतर रोज दुपारी हर्षल क्लासवर गेला, सून उत्कर्षा जेवून जरा आडवी झाली, की नरहरीची खुर्ची मागच्या पडवीत असे आणि धोंडबा गल्ली ओलांडून जाई. जाताना हाक नाही, घंटी नाही, गेटची कडी नाही. चपला पायरीखाली काढायच्या आणि बसायचं. एक दिवसाआड तो नरहरीची दाढी करी. लुळ्या गालावर वस्तरा चालवायला गालाला आतून जिभेचा आधार मिळत नाही, म्हणून बोटानं कातडी ताणून धरावी लागते. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. सावकाश करत गेला, जमलं. बाकी वेळ दोघं गप्प बसत. एवढ्यासाठी धोंडबाची सकाळ निघे, आणि एवढ्यावर त्याची रात्र जाई. त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मग कॉलनीत विकासाचं वारं आलं. नवी कमिटी आली. सेक्रेटरी धर्मेंद्र साहू, सुपेल्यात मोबाइलचं दुकान असलेला, धडपड्या माणूस. त्यानं बगीच्यात व्यायामाची यंत्रं बसवली, कॉलनीला मोठं फाटक केलं, कॅमेरे लावले. त्याच्या कामात खोट काढायला जागा नव्हती. जे बोले ते करी, आणि धोंडबाला अशी माणसं आवडत. रविवारी सकाळी सभागृहात बैठक झाली. धर्मेंद्रनं मांडलं की मागच्या गल्ल्या घाण झाल्या आहेत, साप निघतात, चोराला वाट मिळते. गटाराची लाइन आता पुढच्या रस्त्याखाली गेली आहे, चेंबरचं काम संपलं. तेव्हा गल्ली बंद करावी आणि लागून असलेल्या घरांना अर्धी अर्धी वाटून द्यावी. जमीन सोसायटीची, ठराव सोसायटीचा. मात्र लागून असलेल्या एकाही घराची हरकत नको.

सगळ्यांचे हात वर गेले. धोंडबाचा गेला नाही.

धर्मेंद्रनं हसत विचारलं, “काका, दिक्कत क्या है?”

धोंडबा उभा राहिला. कारण सांगायचं तर काय सांगणार? मला बसायला जागा हवी, असं त्या वयाच्या माणसानं भरल्या सभेत म्हणायचं? तो चेंबरबद्दल काहीतरी बोलला. धर्मेंद्रनं आदरानं समजावलं की चेंबर आता रिकामे आहेत, मातीनं भरून टाकू. धोंडबा म्हणाला, “माझी हरकत आहे,” आणि बसला.

गुलाबराव नावाचे एक रिटायर क्रेनवाले मागून म्हणाले, “धोंडबाभाऊनं तिथं सोनं पुरून ठेवलं असन. रोज झाडून राहिला असते ना.” लोक हसले. धोंडबाही थोडा हसला. हर्षल हसला नाही. तो तिसऱ्या रांगेत बसला होता. त्याचाही हात वर गेला होता, आता त्यानं मान खाली घातली होती.

बैठक उठल्यावर हर्षल त्याच्याजवळ येईल, भांडेल, असं धोंडबाला वाटलं. तो आला नाही. स्कूटर काढून निघून गेला. त्याचं धोंडबाला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो नेहमीसारखा गल्ली ओलांडून गेला. पडवीत खुर्ची होती, पण रिकामी. आतून उत्कर्षाचा आवाज येत होता. ओरडत नव्हती. पोराला समजवावं तशी म्हणत होती की बाबा, हात इथे ठेवा, आता पाय उचला, थोडं अजून. धोंडबा पायरीवरच थांबला. त्या घरातला संडास जिन्याखाली होता. दार अरुंद, उंबरा उंच. चाकाची खुर्ची आत जात नसे. सकाळ-संध्याकाळ हर्षल बापाला उचलून नेई. दुपारी सून एकटीच. धोंडबाला हे माहीत नव्हतं असं नाही. त्यानं त्याकडे कधी नीट पाहिलं नव्हतं.

थोड्या वेळानं उत्कर्षानं खुर्ची ढकलत बाहेर आणली. नरहरीचं धोतर बदललेलं होतं. ती धोंडबाकडे न पाहता आत गेली. नरहरी भिंतीकडे तोंड करून बसला. धोंडबानं “हजर, बाबू” म्हटलं तरी नंबर पुकारला नाही. दाढीचा दिवस होता. धोंडबानं साबण लावला, वस्तरा काढला. एक गाल झाला. दुसऱ्या गालाला हात लावला तेव्हा तो ओला होता, आणि ते पाणी दाढीचं नव्हतं.

नरहरी बोलायला लागला. एकेक शब्द शोधत, चुकत, पुन्हा मागे येत. मध्येच थांबून त्यानं डाव्या हातानं गल्लीकडे बोट दाखवलं, मग हवेतच एक चौकोन काढला, खोलीचा, आणि त्याच्या कोपऱ्यात छोटा चौकोन.

“मले... आंघोळ. सगळं तिथंच. पोरगं... करून देते म्हणते.” दम घेतला. “सुनेच्या हातानं... नाही पाहवत रे धोंडबा.”

लकवा मारल्यापासून त्यानं धोंडबाला नावानं हाक मारली ती पहिल्यांदा. धोंडबानं दुसरा गाल पुरा केला. फडक्यानं तोंड पुसलं. वस्तरा धुतला, पुसला, मिटला. मग म्हणाला, “आधी कावून नाही सांगितलं?”

नरहरीनं डाव्या हातानं पुन्हा गल्लीकडे बोट दाखवलं. सांगितलं की गल्ली जाणार, हे काय त्याला कळत नव्हतं?

त्याच दिवशी संध्याकाळी धोंडबा धर्मेंद्रच्या घरी जाऊन हरकत मागे घेऊन आला. येताना बगीच्याला वळसा घालून हर्षलच्या गेटवर गेला आणि त्या घराची घंटी आयुष्यात पहिल्यांदा वाजवली. हर्षल बाहेर आला. धोंडबा आत गेला नाही. गेटमधूनच त्यानं सांगितलं की खोली कर, लवकर कर, उन्हाळ्याच्या आत कर. संडासाला उंबरा ठेवू नको. दार रुंद ठेव. हर्षल काहीतरी बोलू पाहत होता, त्याला त्यानं बोलू दिलं नाही.

“माझा अर्धा मी बांधत नाही. मोकळा राहीन. तू त्या अंगाले खिडकी काढ.”

हर्षल म्हणाला, “काका, तिकडे खिडकी काढता येत नाही. जागा तुमची ना.”

“माझी आहे म्हणूनच सांगून राहिलो. काढ.”

काम सुरू झालं. हर्षलच्या ठेकेदारानं आधी त्यांची मागची पडवी तोडली, मग पायरी. ती पायरीही धोंडबानंच बांधून दिली होती, सुशीलेसाठी. चांगली चिवट निघाली, घण मारावे लागले. मलबा ट्रॅक्टरमध्ये भरायला लागले तेव्हा धोंडबा गेला आणि त्यातल्या अख्ख्या विटा बाजूला काढू लागला. मजूर म्हणाला, बाबा, नव्या विटा पडल्यात की. धोंडबा म्हणाला, पडू दे. विटांना चिकटलेला जुना मसाला त्यानं पायरीवर बसून छिन्नीनं काढला आणि विटा भिंतीला लावून रचून ठेवल्या. कशाला, ते त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

डावीउजवीकडच्या घरांनीही आपापल्या अर्ध्या भागावर भिंती घातल्या. कोणी स्टोअर केलं, कोणी वाळवणाची जागा. धोंडबाच्या वाट्याची पट्टी तेवढी उघडी राहिली, तीन बाजूंनी भिंती असलेली, वर आकाश. खड्ड्यात बसल्यासारखं वाटे. समोर हर्षलची नवी भिंत आणि भिंतीत खिडकी. पण खिडकीला काच होती, काचेमागे मच्छरजाळी, जाळीमागे पडदा. खाट पलीकडच्या भिंतीला, संडासाजवळ, जशी हवी तशीच. धोंडबानं खिडकीशी उभं राहून हाक मारून पाहिली. नरहरीचा आवाज काचेपलीकडे येत नसे, आणि आडव्या नरहरीला तिकडे मान वळवता येत नसे.

मग तो पुढच्या दारानं जाऊ लागला. गुडघा दुखत असे, बगीच्याजवळच्या बाकावर टेकून पुढे जावं लागे. घंटी वाजवायची. उत्कर्षा दार उघडी, “या ना काका” म्हणे, आणि खरंच मनापासून म्हणे. पण पुढच्या दारानं आलेला माणूस पाहुणा होतो, त्याला कोणाचाच इलाज नसतो. ती त्याला सोफ्यावर बसवी, ट्रेमध्ये पाणी आणी, बिस्किटं आणी. नरहरीला सदरा घालून, केस विंचरून, खुर्चीत बसवून बाहेर आणावं लागे. त्यात तिची दुपारची झोप जाई. एकदा तिच्या माहेरचे कोणी आले होते. त्यांनी धोंडबाला नाव विचारलं, मग पूर्ण नाव विचारलं, मग “अच्छा, अच्छा” म्हणाले आणि पंख्याकडे पाहत बसले. सोफ्यावर नरहरीची दाढी करता येत नव्हती. हर्षल आता सकाळी मशीननं करून देई. धोंडबा रोजचा आठवड्यातून दोनदा झाला, मग एकदा. एका दुपारी उत्कर्षा हळू आवाजात म्हणाली की बाबा झोपलेत, उठवू का. धोंडबा नको म्हणाला आणि परत फिरला. त्यानंतर त्याचं जाणं सुटलं.

एप्रिल लागला. त्या महिन्यात धोंडबा पूर्ण पूर्ण दिवस कोणाशी बोलला नाही. दूधवाल्याची पिशवी गेटला अडकवलेली असे. अतुलच्या फोनवर तो सगळं ठीक आहे म्हणे. मागच्या पायरीवर बसून समोरच्या बंद काचेकडे पाही. काचेत त्याला आपलंच दार दिसे, आणि दारात बसलेला माणूस.

एका सकाळी त्याच्या घराची घंटी वाजली. तो इतका दचकला की हातातली वाटी सांडली. गेटवर हर्षल होता. नव्या खोलीत फार तापतं, बाबांना एसीची हवा सोसत नाही, डॉक्टर नको म्हणाले, असं त्यानं सांगितलं. खिडकीला कूलर लावायचा आहे. पण कूलर बाहेरून बसतो, म्हणजे धोंडबाच्या जागेत. आणि पाणीही बाहेरूनच भरावं लागतं. हे शेवटचं वाक्य बोलताना हर्षल फार ओशाळला.

“काका, तुम्हाले त्रास होईन.”

“कूलर कधी आणून राहिला?” धोंडबानं विचारलं.

कूलर आला. लोखंडी स्टँडवर बसवला, खिडकीची एक झडप काढून त्याचं तोंड आत दिलं. पाठ धोंडबाकडे. पाणी भरायचं तोंड बरंच वर होतं. धोंडबानं बाजूला रचलेल्या त्या जुन्या विटा घेतल्या आणि खाली एक ओटा बांधला. एका माणसाला उभं राहता येईल, दमला तर बसताही येईल एवढा. चढायला खाली एक पायरी. गुडघ्यामुळे वाकता येत नव्हतं, म्हणून बसून बांधला. लेव्हल लावून पाहिला. बरोबर होता.

पाणी भरताना कूलर बंद पाहिजे, नाहीतर पत्र्याला करंट यायची भीती. आणि बटण आत, वायर ओढून नरहरीच्या उशाशी घेतलेलं. पहिल्या दुपारी धोंडबा बादली घेऊन ओट्यावर चढला आणि वाळलेल्या काठीनं पत्र्यावर टकटक केलं. बराच वेळ काही झालं नाही. पुन्हा टकटक केलं. मग आत डावा हात कुठेतरी चाचपडला असावा. पंखा घरघरत मंदावला आणि थांबला. सगळीकडे एकदम शांत झालं. गवताच्या जाळ्यांतून पाणी निथळण्याचा आवाज तेवढा येत होता.

त्या शांततेत जाळ्यांच्या पलीकडून, ओल्या गवताच्या वासातून, आवाज आला.

“बेचाळीस... सतरा.”

धोंडबाचा हात पत्र्यावर टेकला. पत्रा गार होता.

“हजर, बाबू.”

त्यानं बादली ओतली. दुसरी आणली. तिसरीला कूलर भरला. त्यानं काठीनं टकटक केलं, पंखा सुरू झाला आणि पलीकडचा आवाज बुडाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं मोठी बादली घरात ठेवली आणि शालूची आंघोळीची छोटी बादली काढली. तीही पूर्ण भरली नाही. आयुष्यभर काम लांबवणाऱ्याचं तोंड पाहायला त्यानं नकार दिला होता. आता तो अर्धी बादली घेऊन ओट्यावर चढे, बारीक धारेनं ओती, उतरे, पुन्हा अर्धी भरून आणी. फेऱ्यांच्या मधून नरहरी काहीतरी म्हणे. एखादा शब्द, कधी कोण्या मेलेल्या माणसाचा टोकन नंबर. धोंडबा त्या नंबराचा माणूस आठवून सांगे. फार काही नाही. टाकी भरेपर्यंत. मग पंखा. उरलेला सारा दिवस पंख्याच्या घरघरीचा.

मे महिन्यात एकदा हर्षल लवकर घरी आला आणि गच्चीवरून खाली वाकून त्यानं पाहिलं. उन्हात गुडघा धरून ओट्यावर चढणारा म्हातारा आणि त्याच्या हातातली ती लहानशी बादली. तो संध्याकाळी फिरून धोंडबाच्या गेटवर आला. घंटी वाजवली. म्हणाला, उद्या प्लंबर आणतो. टाकीपासून पाइप टाकून देतो, आत फ्लोट बसवतो. पाणी आपोआप येईल. तुम्हाला हात लावायला नको.

पोरगा मनापासून बोलत होता. धोंडबानं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्याला नरहरीचा तरुणपणाचा चेहरा दिसला.

“नको,” तो म्हणाला. “गच्चीच्या टाकीतलं पाणी तापलेलं येते. कूलर नुसता दमट वारा फेकते. मी रात्री जमिनीतल्या टाक्यात भरून ठेवतो, ते गार राहते.”

ते खरंच होतं. हर्षलनं मान हलवली. अर्धीच बादली का, हे त्यानं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी कॉलनी बंद दारांआड निजली होती. धोंडबानं स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं. समोर भिंत, भिंतीत कूलरची पाठ. टाक्यावरचं झाकण त्यानं सरकवलं, बादली बुडवली, आणि वर काढताना अर्धं पाणी परत टाक्यात ओतलं.